दोरीवरचा ओला फ्रॉक

एरवी मी गोष्टीला थोडं तिखटमीठ लावतो, नाकारत नाही. पण ही शंभर टक्के खरी. माझी भाची देवयानी न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहते. गेल्या सप्टेंबरात, भर दुपारी, तिच्याच घरी घडलेली.

देवयानीला ड्रायरचं वावडं. कपडे बॅकयार्डात, दोरीवर, उन्हात वाळले पाहिजेत.

"शेजारी कम्प्लेंट करतील यार," ईश्वर, तिचा नवरा, चिडवायचा.

शेजारी म्हणजे ट्रुस आजी. नव्वदीच्या. हॉलंडच्या एका शेतकऱ्याची मुलगी.

त्या दुपारी लहानगी केया वर झोपली होती. देवयानी कपडे काढायला गेली...

एक फ्रॉक जास्त होता.

निळा. हातशिलाईचा. केयाचा नव्हताच.

बाकी कपडे कडक वाळलेले. हा मात्र... टपटप गळत होता.

कुंपणापलीकडे ट्रुस आजी पांढऱ्याफटक पडल्या. काठी टेकत आत आल्या, स्वयंपाकघरात बसल्या.

"महायुद्धात आमच्या गावावर नाझींचा कब्जा होता. वडील त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्यांचे निरोप पोचवायचे. एक ज्यू मुलगी आम्ही गोठ्याच्या माळ्यावर लपवली होती. आईनं चुकून तिचा फ्रॉक बाहेर वाळत घातला. शिपायांनी ओळखलं, हा माझ्या मापाचा नाही. तिला शोधून खाली आणलं. विचारलं, ही तुमची?"

"मग?"

"आईनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, आमची नाही."

"नाव काय होतं तिचं?"

"पुढे लढ्यातल्या मदतीबद्दल आम्हाला मेडल मिळालं. तेव्हाही हे कुणी विचारलं नाही." आजी कडवट हसल्या. "ते शिपाई आले, तर घरातली एक मुलगी नेतातच."

एवढ्यात पाखरांचा आवाज थांबला.

ड्राइव्हवेवर बूट वाजले... खिडकीतून पाहिलं, तर कुणीच नाही.

दारावर थाप पडली.

मागून कुणीतरी देवयानीचा कुर्ता धरला. इवलासा हात... ओला, बर्फासारखा गार.

पुन्हा थाप.

देवयानीनं जिन्याकडे पाहिलं. वर केया होती.

"आमची... आमची नाही ती."

हात सुटला.

बूट दूर गेले. त्यांच्या मधोमध अनवाणी पावलं.

केया सुखरूप आहे. ट्रुस आजींनी त्यानंतर कधी देवयानीकडे मान वर करून पाहिलं नाही. "बरोबरच केलंस तू," ईश्वर अजून समजावतो.

देवयानी परवा फोनवर मला एवढंच म्हणाली,

"मामा, ओढाओढ नाही, रडणं नाही... मी म्हटल्याबरोबर सोडलं तिनं. जणू मी तेच म्हणणार, हे तिला ठाऊकच होतं."