फोन त्याला करायचा होता

सौंसरच्या कृषी केंद्रातल्या त्या पोरानं पहिल्याच भेटीत मला औषध द्यायला चक्क नकार दिला!

"आधी सांगा, कोणत्या पिकाले?"

"कपाशीले. सगळं विचारलं मी याले," मी मोबाईलवरचा एआय त्याच्यासमोर नाचवला.

"मंग बाटली बी त्यालेच मांगा ना!"

हसताना त्याच्या गालाला खळी पडली… तीच मला नडली. पुढच्या पंधरा दिवसांत मोहगावहून तीनदा गेले, काही काम नसताना. तिसऱ्यांदा त्या पोरानं, स्वप्निलनं, पावतीमागे नंबर लिहून दिला. "औषधाचं काही विचारायचं असंल तर…" म्हणाला आणि उगाच शेल्फ आवरू लागला.

मंगळवारी बाबांचा शेतातून फोन आला. "करुणा, मागच्या सालची बाटली उरली आहे. नव्या औषधात मिसळू का, एकाच पंपात?"

माझं बोट स्वप्निलच्या नंबरावर गेलं आणि लाजून मागे फिरलं. त्याला वाटेल, ही निमित्तच शोधते! मग एआयला विचारलं. पहिली ओळ होती, 'साधारणपणे चालते.' तेवढंच वाचून बाबांना कळवलं.

खाली बरंच काही होतं. खात्रीनं सांगता येत नाही, बाटलीवरची माहिती वाचा, विक्रेत्याला विचारा, मास्क घाला. ते मी दुपारी वाचलं… बाबा फोन उचलेनात तेव्हा.

स्वप्निलला फोन लावला.

"बाबा फवारायले गेले… फोन उचलून नाही राहिले…"

"शेत कुठी आहे? निघालो मी."

आम्ही पोहोचलो तेव्हा बाबा बांधावर आडवे होते. तोंडाला फेस, डोळ्यांतून पाणी. शेजारचे चिंधूकाका त्यांना मिठाचं पाणी पाजायला निघालेले.

"काका, उलटी नका करवू!" स्वप्निल धावला. त्यानं बाबांचा भिजलेला सदरा काढला, अंग साबणानं धुतलं, दोन्ही बाटल्या पिशवीत टाकल्या. "डॉक्टरले दाखवा लागते."

दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, रात्रभर लक्ष ठेवावं लागेल.

"मीच मिसळा म्हटलं, मोबाईलले विचारून… बाबाले काही झालं तर मी जगू कशी?"

"तुमी मुद्दाम केलं का?" त्यानं माझा हात धरला. त्याचाही गार पडला होता. "पण मले काहून नाही विचारलं?"

"लाज वाटली," मी रडतच बोलले. "तुमी आवडता मले… म्हणून."

"मी तर रोज वाट पाहून राहिलो होतो… त्या फोनची."

संध्याकाळी बाबांनी डोळे उघडले. आमच्या हातांकडे पाहिलं.

"कोण आहे वं हा?"

हात मी सोडला नाही. "बाबा, ज्याले विचारा लागत होतं ना… तो."