माहेर नाक्यापलीकडं

अंधार पडला की मर्लकाका चहाचा मग घेऊन पायरीवर बसतात. डेल्विनचं त्या रात्री काय झालं, असं कुणी विचारलंच, तर आधी पोरांना दटावतात, "हसलात तर उठून जाईन." मग सांगतात. डेल्विन त्यांचा मावसभाऊ. अजून जिवंत आहे, खोटं वाटलं तर त्यालाच विचारा.

सप्टेंबरचा पहिला सोमवार होता. डेल्विनला काम एकच, आईला माहेरी पोचवायचं. ब्लॅकफूट जमातीच्या मुलखाच्या मधूनच सरहद्द गेलीय; लग्न होऊन ती अमेरिकेकडच्या बाजूला आली, माहेर राहिलं कॅनडात. डॉक्टरांनी हात टेकले तशी म्हणाली, "मला तिकडंच मरायचंय, तिकडंच पुरा." निघायचं सकाळीच होतं. पण नात्यातले म्हातारे खाटेभोवती जमले आणि हिला पुरायची कुठं, यावर दिवसभर भांडत बसले. ती ऐकत होती. एकालाही लाज वाटली नाही.

शेवटी रात्री डेल्विननं तिला उचललं आणि गाडीत पुढं, आपल्या शेजारी बसवलं. निनास्ताको डोंगराखालचा सरहद्दीचा नाका दहाला बंद होतो. दोन देशांचं राखीव रान तिथं एकच. अस्वलं इकडून तिकडं जातात, त्यांना कुणी विचारत नाही.

"आई, एवढं एकदा ऐक. नागरिकत्व विचारलं की कॅनेडियन म्हण."

"मी ब्लॅकफूट आहे."

"माहितीये गं. पण तुझ्या त्या उत्तरापायी दर खेपेला सगळी रांग खोळंबते."

"खोळंबू दे की. रेघ त्यांनी ओढलीय, मी नाही."

"जन्मात एकदा तरी म्हण."

ती हसली. मग खोकली. मग बराच वेळ बोललीच नाही.

नाक्याचे दिवे दिसले तसा त्यानं तिचा हात धरला. हात गार होता... त्यानं गाडी कडेला घेतली. तिच्या नाकाशी बोट धरलं.

काहीच नाही.

मेलेलं माणूस पलीकडं न्यायला कागद लागतात. तोवर शवागार. आणि मागं फिरलं की ते म्हातारे तिला त्यांना हवं तिथं पुरणार. डेल्विननं गोधडी तिच्या गळ्यापर्यंत ओढली. मान खिडकीला टेकवली. स्वतःचे डोळे पुसले. गाडी पुढं घेतली.

अधिकारी तरुण होता. "नागरिकत्व?"

"अमेरिकन."

"आणि आजी?"

"आजारी आहे. झोपलीय. कॅनेडियन."

"त्यांनाच सांगू दे."



विजेरीचा झोत गोधडीवर आला. हनुवटीवर...

"आजी?"

"साहेब, एवढ्या वेळेला जाऊ द्या... पाया पडतो..."

"कॅनेडियन."

बाईचा आवाज. म्हातारा, खणखणीत. आईचा नव्हे.

मागून आला होता.

मागं कुणी नव्हतं.

अधिकाऱ्यानं झोत मागच्या काचेवर नेला. मान लववली. "थँक यू, मॅडम," म्हणाला, आणि अडसर वर केला.

डेल्विननं मागं पाहिलं नाही. आरसा छताकडं वळवून टाकला. सगळा रस्ता त्यानं असाच काढला. मागं कुणीतरी श्वास घेत होतं... की इंजिन होतं... त्याला अजून सांगता येत नाही.

अंगणात मावश्या जाग्याच होत्या. त्यांनी बहिणीला उतरवून आत नेलं. रडणं सुरू झालं. सीटखाली ठेवलेलं आईचं बोचकं काढायला डेल्विननं मागचं दार उघडलं.

रिकाम्या सीटवर पट्टा लावलेला होता. सपाट पडलेला नव्हता. कुणाच्या तरी पोटावरून गेल्यासारखा, फुगीर, ताणलेला.