घाटात थांबणाऱ्या तीन गाड्या

"तिसरीपण बंद पडली!" सायकलवरून उडी मारतच राजवीर ओरडला. "आकारामकाकांची नवीकोरी तेजा गाडी! परवा पन्हाळ्याच्या घाटात! मागनं हा एवढा काळा धूर!"

कोल्हापूरजवळच्या उचगावातल्या बाळासोच्या सायबर कॅफेत त्या वेळी चार संगणक, एक करकरणारा पंखा आणि तीन माणसं होती. एक खुद्द बाळासो. दुसरी राजवीरची चुलतबहीण मोना. ती मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत होती आणि दर मिनिटाला भिंतीवर आदळत होती. तिसरी पवित्रा. राजवीरनं बातमी सांगितली ती मोनाला आणि बाळासोला. कोपऱ्यातल्या पवित्राकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. भांडण वगैरे काही नव्हतं हो! बोलायची सवयच नव्हती.

दिवाळीनंतर पवित्रा संकेश्वरहून वडिलांबरोबर इथं आली, तेव्हा वर्गातल्या पोरांनी तिच्या कानडी हेलाची आठवडाभर नक्कल केली. दुसऱ्या आठवड्यात त्यांना नकलेचाही कंटाळा आला. मग कुणीच काही बोलेना. पवित्राला वाटायचं, नक्कल केलेली परवडली. अव्वा, म्हणजे तिची आई, अंगणवाडीत कामाला, म्हणून ती संकेश्वरलाच राहिली होती. अप्पा सकाळी आठला कामावर जात. त्यात ही २००६ सालची उन्हाळ्याची सुट्टी मारुतीच्या शेपटासारखी लांबलचक पडलेली! तेरा वर्षांच्या मुलीनं भिंतींशी बोलायचं तरी किती?

म्हणून ती कॅफेत येऊन बसे. गिऱ्हाइकांना आलेली इंग्रजी पत्रं ती वाचून समजावून देई आणि बदल्यात बाळासो तिला कोपऱ्यातला संगणक देई. त्या संगणकावर तिला एक जागा सापडली होती. 'हमरस्ता' तिचं नाव. देशभरातले गाडीवेडे तिथं जमून इंग्रजीत गप्पा ठोकत. कुठली गाडी किती पळते, कुठल्या कंपनीनं गिऱ्हाइकांच्या तोंडाला पानं पुसली, घाटात कितवा गिअर टाकावा, एक ना दोन! लोक टायरच्या हवेवरून चार-चार दिवस हमरीतुमरीवर येत.

पवित्रानं 'घाटवाट' असं नाव घेतलं आणि भीत भीत एका प्रश्नाला उत्तर दिलं. उत्तर अर्थातच अप्पांचं होतं. तिचे अप्पा प्रभुलिंग मिस्त्री रात्री जेवताना गाड्यांबद्दलच बोलत आणि तिला ते पाठ झालं होतं. लोकांनी आभार मानले. मग लोक तिलाच विचारू लागले. "घाटवाट सर, क्लच जळाल्याचा वास येतोय, काय करू?" घाटवाट सर दोन वेण्या घालून बसलेत, हे त्यांना कुठं ठाऊक!

पण त्या दिवशी तिनं 'हमरस्ता' उघडला आणि पहिलंच पान तिनं दोनदा वाचलं.

तेजा गाडीबद्दल मोठी चर्चा पेटली होती. देशभर हजारो तेजा धावतायत, पण घाटात चढताना काळा धूर ओकून थांबतात त्या फक्त तीन. तिन्ही कोल्हापूरच्या, तिन्ही पाडव्याला घेतलेल्या! कुणी म्हणे पंपात दोष, कुणी म्हणे डिझेलमध्ये भेसळ. शेवटी 'पुणेरी पिस्टन' नावाच्या गृहस्थांनी निकाल देऊन टाकला होता, "गाडीत काही दोष नाही. तिन्ही गाड्या उचगावच्या एकाच वर्कशॉपमध्ये, एकाच मिस्त्रीनं तपासल्यात. असल्या अडाणी माणसाला कामावर ठेवतातच कसे?" खाली अकरा जणांनी मान डोलावली होती.

तो मिस्त्री म्हणजे अप्पा!

आणि ती अकरा नावं तिच्या रोजच्या ओळखीची होती. याच माणसांशी ती सकाळ-दुपार बोलायची. तिला एकदम इतकं एकटं वाटलं, की संकेश्वरहून निघताना एसटीतही तेवढं वाटलं नव्हतं.

"ए, रडालीस व्हय?" मोना खेळ सोडून जवळ आली होती. अकरा वर्षांची मोना कुणाशीही बोलायला लाजत नसे. "काय झालं गं?"

पवित्रानं डोळे पुसले. मग काय झालं कुणास ठाऊक, सहा महिन्यांचं साठलेलं भडाभडा बाहेर पडलं. वर्कशॉपचे मालक गणपतराव सगळं खापर अप्पांवर फोडतायत. शनिवारी कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून येणार आहे. त्यानं चूक अप्पांची ठरवली, की अप्पांचं नाव कायमचं बुडालं. असल्या मिस्त्रीला पुन्हा कोण उभं करणार?

"पण तुझ्या वडलांनी बिघाड शोधला न्हाय?" राजवीरनं विचारलं. सहा महिन्यांत तो पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होता.

"शोधू देत नाहीत! अप्पा म्हणतात, हवेच्या फिल्टरची पेटी उघडून बघू या. पण पेटीला कंपनीचं सील आहे. गणपतराव म्हणतात, सील तोडलं तर वॉरंटी गेली. अप्पांना बाहेर बाकावर बसवून ठेवलंय."

"आयला! ज्याला येतंय त्यालाच बसवून ठेवलंय?" राजवीर चिडला. "मग आपणच शोधायचं!"

पवित्रानं त्याच्याकडे पाहिलं. 'आपण' हा शब्द तिनं फार दिवसांनी ऐकला होता.

"काळा धूर येतो म्हणजे डिझेल जास्त पडतंय, नाहीतर हवा कमी पडतीय," ती म्हणाली. "आणि गाड्या फक्त कोल्हापुरातच थांबतात. म्हणजे इथं या गाड्यांना असं काहीतरी झालंय, जे दुसरीकडे होत नाही."

"तांबडा-पांढरा रस्सा सांडला असंल!" मोना म्हणाली. राजवीरनं तिला टपली मारली आणि तिघं निघाले.

पहिली तेजा दुधाचे व्यापारी कृष्णातकाका यांची. काकांनी ती अंगणात झाकून ठेवली होती आणि स्वतः शेजारी खुर्ची टाकून राखण करत बसले होते.

"गाडीला हात लावायचा न्हाय! काय पायजे?"

मोनानं वही पुढं केली. "काका, सुट्टीतला अभ्यास हाय. उचगावातल्या सगळ्यात भारी गाडीचं चित्र काढायचंय. बॉनेट उघडून दावा की! आणि तुम्ही पण शेजारी उभं ऱ्हावा!"

"सगळ्यात भारी? व्हय व्हय, हीच!" काका फुलून आले. त्यांनी बॉनेट उघडलं. "थांबा, फेटा बांधून येतो. असा कसा चित्रात यीन?"

काका आत गेले. पवित्रा इंजिनवर वाकली. हवा आत ओढणाऱ्या नळीचं तोंड अगदी वर होतं, बॉनेटच्या कडेला, आ वासलेलं. तेवढ्यात मोना किंचाळली, "अगंबाई, माझा फ्रॉक!" बॉनेटच्या रबराला ती टेकली होती आणि फ्रॉकवर गुलाबी पट्टा उठला होता.

"गुलाल!" राजवीर म्हणाला. "जोतिबाचा. नवीन गाडी देवाला न्हेत्यातच की."

"पण तो बॉनेटच्या आत कसा?"

फेटा बांधून आलेल्या काकांनीच उत्तर दिलं. "म्या उधळला! नुसता टपावर टाकून काय उपेग? इंजिन म्हंजे गाडीचं काळीज. बॉनेट उघडून चांगला दोन किलो आत घातला. आकारामनं न् शाळंच्या हेडबाईंनी मला बघूनच तसं केलं. मागनं धुऊन घेतली झकास!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. देवाला गुलाल सगळेच वाहतात. पण बॉनेट उघडून इंजिनला अंघोळ घालायची युक्ती कृष्णातकाकांची, आणि ती तीनच गाड्यांवर झाली होती!

"काका, मिशी जरा वाकडी दिसतीया," मोना गंभीरपणे म्हणाली. काका आरशासाठी पुन्हा आत पळाले. राजवीरनं खराट्याचा एक लांब हीर उपटला, त्याच्या टोकाला आपला पांढरा रुमाल ओला करून गुंडाळला आणि पवित्राच्या हाती दिला. तिनं तो नळीच्या तोंडात हळूच आत सारला, फिरवला आणि बाहेर काढला.

रुमाल गर्द गुलाबी झाला होता!

"नाद खुळा!" राजवीर ओरडला आणि लगेच त्यानं स्वतःचंच तोंड दाबलं.

दुसरी तेजा शाळेच्या मुख्याध्यापिका झुंबरबाईंची, म्हणजेच हेडबाईंची. त्यांच्यापुढं थापा मारायची कुणाची छाती नव्हती, म्हणून तिथं त्यांनी खरंच सांगितलं. बाईंनी चष्म्यावरून तिघांना निरखलं, बॉनेट स्वतः उघडलं आणि दुसरा रुमालही गुलाबी निघाला. "गुलालाचं मलाही कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही," बाई पुटपुटल्या.

तिसऱ्या गाडीसाठी न थांबता तिघं धावतच वर्कशॉपवर गेले. अप्पा बाकावर बसून हातातला पाना उगाच पुसत होते. मुलांनी गणपतरावांसमोर रुमाल धरून सगळं सांगितलं.

"गुलालानं गाडी बंद पडती व्हय?" गणपतराव कडाडले. "देवाचं नाव घेऊन बापाची चूक झाकतीस? न्हाय ती भानगड नको. पळा हितनं!"

अप्पा उठून उभे राहिले. तो पाना तेवढा त्यांनी खिशात घातला. पवित्राला ते बघवेना.

ती सरळ कॅफेत आली. बाळासोनं वेबकॅमसमोर दोन्ही रुमाल धरून फोटो काढून दिले. आता फक्त लिहायचं होतं, आणि तिथंच तिचे हात अडले. घाटवाट सरांनी लिहिलं असतं, तर कुणी शंका घेतली नसती. पण अप्पांची बाजू मांडायची आणि स्वतः पडद्याआड लपायचं, हे तिला पटेना. खरं सांगितलं, तर 'हमरस्त्या'वरचं तिचं स्थान संपलं असतं, आणि दुसरं स्थान तिला होतं कुठं?

"लिही की," राजवीर मागून म्हणाला. "आम्ही हाय न्हवं हितं."

तिनं लिहिलं, "मी सर नाही. मी तेरा वर्षांची मुलगी आहे. आजवर मी तुम्हाला जे जे सांगितलं आणि तुम्ही ज्याचे आभार मानलेत, ते सगळं माझ्या वडिलांकडून शिकलेलं आहे. उचगावचा तो अडाणी मिस्त्री म्हणजे माझे वडील. सोबतचे फोटो पाहा. त्यांना ती पेटी उघडायची होती. त्यांना कुणी उघडू दिली नाही."

तिनं बटण दाबलं. फोटो चढले, आणि पुढच्याच क्षणी पंखा थांबला, पडदा काळा झाला.

"लोडशेडिंग," बाळासो हताशपणे म्हणाला. "आता संध्याकाळपतोर न्हाय."

संध्याकाळी वीज आली. पवित्रानं पाहिलं. एकही उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. ती अकरा नावं जणू गाव सोडून गेली होती. ती पडद्याकडे बघत राहिली आणि मोना तिच्या शेजारी बसून राहिली.

शनिवारी सकाळी वर्कशॉपच्या आवारात ही गर्दी! तिन्ही तेजा ओळीनं उभ्या, कृष्णातकाका फेट्यात, हेडबाई छत्रीसह, आणि अप्पा अजून त्याच बाकावर. कंपनीचा इंजिनिअर गाडीतून उतरला तो हातात कागद घेऊनच.

"यातलं घाटवाट कोण?" त्यानं विचारलं.

राजवीरनं पवित्राला मागून ढकललं. ती पुढं झाली.

"परवा रात्री वाचलं तुझं. आम्ही कंपनीतले लोक गुपचूप 'हमरस्ता' वाचतो, बरं का! गिऱ्हाइकं आम्हाला तोंडावर सांगत नाहीत, ते तिथं लिहितात." मग तो बाकाकडे वळला. "मिस्त्री, पेटी तुम्ही उघडा. सील मी तोडतो."

अप्पांनी खिशातून पाना काढला. चार बोल्ट सुटले. झाकण उचललं आणि फिल्टर बाहेर आला. तो काही फिल्टर दिसत नव्हता, गुलालाची वडीच दिसत होती! अप्पांनी तो फरशीवर आपटला आणि भोवतालच्या सगळ्यांच्या पायांवर गुलाबी ढग बसला.

"पाण्यानं धुतल्यावर आतला गुलाल आणखी घट्ट बसला," अप्पा शांतपणे म्हणाले. "सपाटीला भागतंय. घाटात गाडीला दम लागतो."

नवा फिल्टर घालून गाडी पन्हाळ्याच्या घाटात नेली. सरळ वर चढली, धुराचं नाव नाही! परत आल्यावर गणपतराव सगळ्या कामगारांसमोर अप्पांपुढं आले. "प्रभुलिंग, चुकलं माझं. पोरांनी सांगितलं तेबी म्या ऐकलं न्हाय." कृष्णातकाका म्हणाले, "आरं, सगळ्यात मोठा दोषी तर मीच की!" आणि त्यांनी तिघांसाठी पेढे आणवले. हेडबाईंनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. "शाळेत इतकं डोकं चालवलंत तर माझं वय दहा वर्षांनी कमी होईल!" इंजिनिअरनं वहीत लिहून घेतलं, की पुढच्या गाड्यांत नळीचं तोंड खाली वळवा म्हणून सांगायचं.

दुपारी पवित्रा अप्पांना कॅफेत घेऊन गेली. 'हमरस्त्या'वर आता उत्तरं आली होती. पुणेरी पिस्टननं माफी मागितली होती. बाकीच्यांनी 'शाब्बास बेटा' म्हटलं होतं. क्लचबद्दल मात्र तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ते तिला लागलं, आणि लागलं हे तिनं स्वतःशी मान्यही केलं.

अप्पांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आधी काय लिहिलतं माझ्याबद्दल? ते वाच."

"नको अप्पा."

"वाच गं."

तिनं वाचलं. 'अडाणी' हा शब्दही तिनं गाळला नाही. अप्पा तिच्याकडे वळले.

"हे तू कधी वाचलंस?"

"मंगळवारी."

"आणि चार दिवस एकटीच घेऊन फिरलीस? मला का न्हाय सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मग वाटलं असतं की!" अप्पा म्हणाले. "मीपण चार दिवस त्या बाकावर एकटाच बसलो होतो, मगळे, माझ्या पोरी. दोघांनी मिळून वाईट वाटून घेतलं असतं."

पवित्रानं शेजारची खुर्ची ओढली, अप्पांना बसवलं आणि पहिल्या पानापासून सगळं मराठीत वाचून दाखवायला सुरुवात केली.