पुसलेली फुली

ज्याने मातीत प्राण घातला आणि त्या प्राणाला कवचाचे घर दिले, त्या विश्वंभराला वंदन करून, घडले तेवढेच सांगतो.

माझी पुतणी सर्पालयात डॉक्टर आहे. रस्ता खोदणाऱ्या यंत्राचा दात लागून एक अजगरीण मेली. तिची अकरा अंडी पुतणीने उबवणीच्या पेटीत ठेवली. त्या अंड्यांच्या आईला मी माझ्या हातांनी सर्पालयाच्या मागल्या आवारात पुरले. शेपटीपासून हातभर वर तिची कातडी चंद्रकोरीसारखी फाटली होती.

महिन्याभराने पुतणीला चार दिवस परगावी जावे लागले. पेटीची किल्ली तिने माझ्या हवाली केली. प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर तिने शिसपेन्सिलीने फुली काढली होती. ती वरच राहायला हवी. अंडे उलटले तर आतला जीव गुदमरतो, हे तिने तीनदा बजावले. "काका, देवाला दिवसभर हात लावा, अंड्यांना मात्र नको," म्हणून हसत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेटीतला भुसा ओलवताना माझी पकड सुटली. भांडे कलंडले, कडेचे अंडे घरंगळले आणि ओल्या भुशात घासून त्यावरची फुली पुसली गेली. वरची बाजू कोणती, कळेना. मी अंदाजाने अंडे ठेवले आणि... नवी फुली काढली. फोनवर पुतणीला सांगितले, सगळे ठीक आहे. जन्मभराचे नामस्मरण त्या एका वाक्यापाशी अडखळले.

तिसऱ्या दिवशी कुलूप उघडले, तर त्याच अंड्याची फुली खाली. बाकीची दहा जागच्या जागी. मी ते पुन्हा फिरवले. चौथ्या दिवशी फुली परत खाली, आणि ओल्या भुशात अंड्यांभोवती एक रुंद, गुळगुळीत चर उमटलेला. उकरलेल्या मातीचा वास येत होता... तिला पुरताना आला होता, तोच. मी हात मागे घेतला.

संध्याकाळी पुतणी आली. "काका, ही फुली खाली कशी?"

"पोरी, ती फुली तुझी नव्हे. माझी आहे." मग सारे सांगून टाकले.

ती रागावली नाही. दिवा मालवून तिने अंड्याशी विजेरी धरली. आत तांबड्या शिरांचे जाळे होते, आणि काहीतरी हलकेच वळले.

"जिवंत आहे. आत्ता ठेवलंय तसंच बरोबर आहे... पण ठेवलं कुणी?"



यथाकाळ अकराही पिले बाहेर आली. त्या अंड्यातले सर्वांत शेवटी. रिकामी टरफले उचलताना भुशाखाली एक ओली कात लागली. पेटी दीड हाताची. कात उलगडली ती सहा हात भरली. शेपटीपासून हातभर वर ती चंद्रकोरीसारखी फाटली होती.

"काका," पुतणी हळूच म्हणाली, "किल्ली तुमच्याकडेच होती ना?"

होती. कमरेलाच होती.

ऐकणाऱ्या प्रत्येक घरातली लेकरे सुखाने वाढोत, त्यांच्या अंथरुणात ऊब राहो. आणि ती ऊब कुणाची, असे विचारण्याची वेळ कोणत्याही घरावर न येवो.