इब्राहीम टेलरचं अमेरिकन गिऱ्हाईक

१९७२ सालची गोष्ट. रिसोडच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होतो, नोकरी तात्पुरती. संमेलनाला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते आणि माझं कायम होणं त्यांच्या मर्जीवर होतं. म्हणून मी एका अमेरिकन चांद्रवीरावर नाटक बसवलं. आधी विमानं, मग पृथ्वीभोवती फेऱ्या, शेवटी चंद्र. चांद्रवीर अर्थातच मी. आडतीच्या धान्य तोलायच्या काट्यावर उभं राहून पोरांना दाखवलंही होतं, "इथं साठ किलो, चंद्रावर दहा."

पोशाखासाठी इब्राहीम टेलरला पेपरातला त्या अमेरिकनाचा फोटो दिला. चूक तिथंच झाली. त्यानं वहीत गिऱ्हाईक म्हणून फोटोतल्या माणसाचं नाव लिहिलं, आणि ट्रायल झाल्याशिवाय तो शेवटचा टाका घालत नसे. या हट्टापायी त्यानं एकदा नवरदेवाची वरात अडवून धरली होती.

"इब्राहीमभाई, मीच घालणार आहे तो!"

"ज्याचं नाव, त्याची ट्रायल. दुसऱ्याचं कापड तुमाले कसं देऊ, मास्तर?"

मी कपाळावर हात मारला.

संमेलनाच्या दिवशी दुपारी गेलो, तर पोशाख तयार.

"तो येऊन गेला," इब्राहीम म्हणाला. "गरीब मानूस, बोलेच ना. पन उभाच राहेना, सारका वर वर जाऊन राह्यला. मंग म्या त्याच्या हातात इस्त्री देल्ली, तवा कुठं टेकला."

मी हसलो. कोळशाची जड इस्त्री कोपऱ्यात होती. मुठीवर करडी, मऊ धूळ. राखच असणार.

"म्हटलं, आज मास्तरले घालू दे. तर हातानं बदल्यात कायतरी मांगून राह्यला. मले समजलं नाई. म्हटलं, घे मास्तरपासून."

नाटक असं रंगलं की विचारू नका. चंद्रावर उतरताना उडी मारली, तर डोकं थेट मांडवाच्या बांबूला आपटलं. साहेबांनी पाठ थोपटली. "कायम समजा." मला रडूच आलं.

खेळ संपताच पोशाख परत केला. घरी जाताना अंग हलकं वाटत होतं. आनंदानं वाटतंच.

सकाळी पेढे घेऊन दुकानात गेलो.

"आताच घेऊन गेला," इब्राहीम पेढा खात म्हणाला. "या खेपेले इस्त्री नाई लागली. पाय मस्त टेकले होते."

मी तडक आडतीवर गेलो. काट्यावर उभा राहिलो. भिवाजी हमालानं काटा ठोकून पाहिला.

"दहा," तो म्हणाला.

कुंपणाच्या तारा धरत धरत दुकानात परत आलो.

इब्राहीमनं कोपऱ्यात हात घातला. इस्त्री माझ्या हातात दिली.