चार ते पाचचं पाणी

पावाच्या गाडीचा हॉर्न सुब्रेदो गावात रोज दोनदा वाजतो, जाताना आणि येताना. त्या मंगळवारी येतानाचा हॉर्न थांबायलाच तयार नव्हता.

माणसं शिव्या देत घराबाहेर आली. गाडी वरच्या तळ्यापाशी उभी होती. ड्रायव्हर हॉर्नवर हात दाबून बसला होता आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तळ्यात बेल्मिरो पालथा तरंगत होता. बेल्मिरो म्हणजे गावाचा पाटकरी. बत्तीस वर्षं त्याने याच तळ्याचं पाणी घराघराला वाटून दिलं होतं. डोक्याला मागून फावड्याचा घाव होता. फावडं त्याचंच, काठाशी गाळात रुतलेलं.

बुधवारी ब्रागा शहराहून इन्स्पेक्टर इरेने काल्देइरा आली. आमच्या डोंगरात परक्या माणसाचं स्वागत कुत्री करतात आणि माणसं खिडक्या लावून घेतात. इरेनेसाठीही तेच झालं. गुत्त्यात शिरली तेव्हा चार म्हातारे पत्ते खेळत होते. ते बोलायचे थांबले.

"एक कॉफी," इरेने म्हणाली.

"यंत्र बिघडलंय," गुत्तेवाली झुल्मिरा म्हणाली. तिच्या पाठीमागे यंत्र फुसफुसत वाफ सोडत होतं.

इरेनेने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग मनगटावरच्या. "तुमचं घड्याळही बिघडलंय. मागे पडलंय."

"आमचं बरोबर आहे. तुमचंच पुढे पळतंय, बाई."

म्हातारे खदाखदा हसले. इरेने कॉफीविना बाहेर पडली.

बाहेर हवालदार नोगेइरा जीपला टेकून उभा होता. तीन महिन्यांपूर्वी दक्षिणेतून बदलून आलेला. गावाने अजून त्याला धड नमस्कारही केला नव्हता, त्यामुळे गुन्हेगार लवकर सापडावा आणि आपण इथून सुटावं एवढीच त्याची इच्छा होती.

"सरळ प्रकरण आहे, मॅडम," तो म्हणाला. "पाववाल्याने चारला बेल्मिरोला तळ्यावर जिवंत पाहिलं. रेडिओवर चारच्या बातम्या लागल्या होत्या. बेल्मिरोने हातसुद्धा केला. पावणेपाचला परतला तर मुडदा. म्हणजे चार ते पावणेपाच. आणि रविवारी चर्चसमोर देओलिंदा त्याला सगळ्यांदेखत म्हणाली, पाणी चोरतोस, एक दिवस त्याच पाण्यात बुडशील."

"ही देओलिंदा कोण?"

"विधवा आहे. पलीकडच्या खोऱ्यातून लग्न करून आलेली. पंचवीस वर्षं झाली, तरी गाव तिला परकीच म्हणतं."

फावडं पोत्यात गुंडाळून जीपमध्ये ठेवलं होतं. पात्याच्या धारेला काळ्या रबराचा बारीक तुकडा चिकटलेला होता.

"हे काय?"

"टायरचा असेल, मॅडम. सगळीकडे कचरा टाकतात हे लोक."

चर्चच्या दारावर बेल्मिरोच्या हातची पाळीची यादी लावलेली होती. उन्हाळ्यात तळं आटतं, मग दिवसाआड प्रत्येक घराला एक तास पाणी. मंगळवार, गुरुवार, शनिवार. तीन ते चार, देओलिंदा. चार ते पाच, अर्मिंदो. पाच ते सहा, आबिलियो.

आबिलियो पायरीवरच बसला होता. ऐंशीचा, काठीवर हनुवटी टेकून.

"काका, मंगळवारी चार ते पाच पाळी कोणाची होती?"

"वाचता येत नाही का?"

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"अर्मिंदोची."

"नक्की?"

"नक्की. देवासमोर सांगेन."

इरेनेने आणखी तीन दारं ठोठावली. तिन्हीकडे दार बोटभर उघडलं, तेच उत्तर आलं आणि दार बंद झालं.

देओलिंदा मक्यात होती. उंच, काळ्या कपड्यांतली बाई. हातात फावडं होतं आणि ते तिने खाली ठेवलं नाही.

"मंगळवारी दुपारी कुठे होतीस?"

"इथेच. पाळी होती, दारं धरून मक्याला पाणी देत होते."

"तुझी पाळी तीन ते चार."

"हो."

"चारनंतर?"

"चारनंतर काय? हॉर्न वाजला तेव्हा माझी पाळी चालूच होती."

"हॉर्न पावणेपाचला वाजला."

"माझ्याकडे घड्याळ नाही. त्या खडकाची सावली पाटाला टेकली की माझी पाळी संपते. टेकली नव्हती."

"म्हणजे तू अर्मिंदोचं पाणी घेत होतीस?"

देओलिंदाचे डोळे पेटले. "मी कुणाचं थेंबभर घेतलेलं नाही! माझंच कमी येतंय दोन आठवडे. बेल्मिरोला सांगून सांगून जीभ झिजली. शेवटी म्हणाला, बघतो. आता तोच मेला. जा, लिहा तुमच्या वहीत, विधवेने मारला म्हणून. गाव तर केव्हाचं लिहून मोकळं झालंय!"

गावात एकच माणूस इरेनेशी गोड बोलला, तो अर्मिंदो. तीस वर्षं फ्रान्समध्ये बांधकामं घेऊन पैसेवाला झालेला. एरवी फक्त ऑगस्टात यायचा. यंदा जूनपासून मुक्काम ठोकून होता. गावाच्या दगडी घरांत त्याचं गुलाबी घर डोळ्यांत खुपतं. मागे निळ्या फरशीचा पोहण्याचा हौद. त्याने खुर्ची दिली, थंड बिअर दिली, हॅमच्या चकत्या पुढे केल्या.

"चार वाजता मी माझ्या शेतात होतो, मॅडम. पाळीच होती माझी. चारच्या ठोक्याला पाटाचं दारं उघडलं. हॉर्न ऐकला आणि तसाच धावलो."

"कोणी पाहिलं?"

"मका डोक्याच्या वर गेलाय. कोण पाहणार? पण पाणी सोडून कोणी जातं का? विचारा कुणालाही, पाळी कोणाची होती."

"विचारलं. तुमचीच होती."

अर्मिंदो समाधानाने हसला. इरेने हौदाकडे बघत होती. एवढ्या दुष्काळात काठोकाठ भरलेला, आणि कोपऱ्यात काळे काळे ठिपके वळवळत होते. ती वाकली. बेडकाची पिल्लं होती.

"पाणी कुठून आणलंत?"

"टँकर. शहरातून. पैसे मोजून."

रात्री तालुक्याच्या लॉजवर इरेनेने नोगेइराने काढलेले फोटो पाहिले. मंगळवारी सव्वापाचचे. देओलिंदाच्या सरीत पाणी भरलेलं. अर्मिंदोच्या शेताच्या तोंडाशी दगड घट्ट बसवलेला आणि आत माती फुफाट्यासारखी.

"बघा," गुरुवारी सकाळी नोगेइरा म्हणाला. "तो धावला, आणि हिने पाणी आपल्याकडे वळवलं. चोरटी बाई."

इरेनेला ते पटत नव्हतं. पाऊण तास पाणी प्यालेली माती अर्ध्या तासात फुफाटा कशी होईल? पण पुरावा म्हणावा तर सगळा देओलिंदाच्याच अंगावर येत होता. वरून दोनदा फोन आला होता. साडेबाराच्या सुमाराला नोगेइराने देओलिंदाच्या हातातलं फावडं चर्चच्या भिंतीला टेकवलं, तिला बेड्या घातल्या आणि जीपमध्ये बसवलं. बाई रडली नाही. "आज माझी पाळी आहे," एवढंच म्हणाली. "मका करपेल. वर्षभर मी काय खाऊ?"

एकदोघींनी पदर झटकावा तशी एप्रनं झटकली आणि घरात गेल्या.

निघण्यापूर्वी इरेने पाण्याची बाटली घ्यायला गुत्त्यात गेली. टीव्हीवर दुपारच्या एकच्या बातम्या नुकत्याच सुरू होत होत्या. भिंतीवरच्या घड्याळात बरोबर बारा झाले होते.

इरेने थबकली. बिघडलेलं घड्याळ इतकं नेमकं बिघडत नाही.

"झुल्मिरा, हे घड्याळ बरोबर एक तास मागे का आहे?"

"सांगितलं ना, मागे नाही." झुल्मिरा ग्लास पुसत राहिली. "ते पाण्याचं घड्याळ आहे. उन्हाळ्यात सरकार काटे पुढे करतं, ते बस आणि बँकेसाठी. सूर्य काही सरकारचं ऐकत नाही. पाणी जुन्या वेळेवरच चालतं. माझ्या आज्यापासून."

"आणि हे गावात सगळ्यांना माहीत आहे?"

"शेंबड्या पोरालासुद्धा."

इरेने बाटली न घेताच बाहेर पडली. "नोगेइरा, जीप बंद कर. पोत्यातलं फावडं घे आणि तळ्यावर चल."

सरकारी घड्याळाप्रमाणे चार वाजून वीस मिनिटांनी तिने चर्चच्या पायऱ्यांपाशी गाव गोळा केलं. गाव आलं, ते देओलिंदाला नेताना बघायला. आबिलियो नेहमीच्या पायरीवर बसला. अर्मिंदो पांढरा शर्ट घालून पुढेच उभा राहिला.

"अर्मिंदो," इरेने म्हणाली, "मला काल जे सांगितलंत ते सगळ्यांसमोर सांगा. मंगळवारी पाववाला तळ्यावरून गेला, तेव्हापासून तो परत येईपर्यंत तुम्ही कुठे होतात?"

"शेतात. पाळी होती माझी. चार वाजता मक्याला पाणी लावलं, हॉर्न वाजेपर्यंत."

चौकातली सगळी डोकी एकदम त्याच्याकडे वळली. पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एकाने टोपी काढली. अर्मिंदो इकडेतिकडे बघू लागला. आपलं काय चुकलं हे त्याला कळेना.

आबिलियोने काठी दगडावर आपटली. "अरे अर्मिंदो, कुठलं पाणी?"

"कुठलं म्हणजे? माझं. चारचं."

"पाववाला गेला तेव्हा तीन झाले होते, गाढवा! पाणी देओलिंदाचं होतं!"

अर्मिंदोचा हात आपोआप मनगटाकडे गेला. सोन्याचं घड्याळ होतं, फ्रान्समधलं.

"तीस वर्षं तुमच्या शेताची पाळी बेल्मिरोच सांभाळायचा," इरेने म्हणाली. "यंदाही तोच सांभाळत होता. तुम्ही एकदाही फावडं हातात घेतलं नाहीत. खोटं रचायला यादी पाहिलीत आणि हातातल्या घड्याळाशी जुळवलीत. मीही तीच चूक केली. मी निदान परकी आहे."

"चुकून बोललो! वेळ विसरलो म्हणजे खून केला?"

"नाही. म्हणून आम्ही तळ्यावर गेलो. नेच्यांच्या खाली एक काळी रबरी नळी सापडली. तळ्याच्या तळापासून तुमच्या हौदापर्यंत. टँकरच्या पाण्यात बेडकाची पिल्लं येत नाहीत, अर्मिंदो. देओलिंदा खरं बोलत होती, पाणी चोरीला जातच होतं. पाटातून नाही, तळ्यातूनच. तिची तक्रार ऐकून बेल्मिरो शोधायला निघाला. त्याला नळी सापडली आणि त्याने फावड्याने ती तोडली. नळीवर ताजा घाव आहे. रबराचा तुकडा पात्याला चिकटलेला आहे. त्याच वेळी तुम्ही तिथे पोचलात."

अर्मिंदोने गावाकडे पाहिलं. त्यातलं अर्धं गाव त्याचं नातलग होतं. एकही चेहरा हलला नाही.

"रविवारी चर्चमध्ये माझं नाव वाचणार म्हणाला," तो शेवटी पुटपुटला. "बापापासून चालत आलेली पाळी यादीतून काढणार म्हणाला. पायाशी फावडं पडलं होतं. मी म्हटलं, बेल्मिरो, गप्प बस, पाहिजे ते देतो. तर थुंकला माझ्या बुटांवर आणि पाठ फिरवली." त्याने गुलाबी घराकडे हात केला. "पोहण्याच्या हौदापायी! नातवंडं येणार होती हो ऑगस्टात."

नोगेइराने देओलिंदाला जीपमधून उतरवून तिच्या हातातल्या बेड्या काढल्या, त्याच अर्मिंदोला घातल्या आणि त्याला जीपमध्ये बसवलं.

इरेने आबिलियोकडे वळली. "काका, तुम्ही देवासमोर सांगणार होतात. चारची पाळी अर्मिंदोची."

"होतीच. खोटं काय बोललो?"

"पाववाला माणूस जिवंत पाहून गेला तेव्हा जुने तीन झाले होते, हे तुम्हाला माहीत होतं. या बाईचा जन्म तुरुंगात गेला असता."

"तुम्ही पाळी विचारलीत. वेळ कुठे विचारलीत?"

देओलिंदा मनगटं चोळत पुढे आली. तिने कुणाचे आभार मानले नाहीत. खडकाच्या सावलीकडे पाहिलं, मग आबिलियोच्या पायांकडे.

"आबिलियोकाका, बूट ओले कसे?"

म्हाताऱ्याने पाय मागे ओढले. बुटांपासून गुडघ्यापर्यंत ताजा चिखल होता.

"तीन वाजले आणि मी जीपमध्ये बसलेली," देओलिंदा म्हणाली. "मला गावाबाहेर नेईपर्यंतसुद्धा दम निघाला नाही? माझं पाणी तुमच्या मक्याला लावून आलात आणि मला नेताना बघायला पायरीवर बसलात."

झुल्मिरा गुत्त्याच्या दारात उभी होती, तिने मान खाली घातली. आबिलियो काठीवर जोर देऊन उठला. कुणी हात द्यायला पुढे आलं, त्याला त्याने झिडकारलं.

"दगड काढून पाणी तुझ्याकडे लावतो," तो म्हणाला.

"माझा अर्धा तास गेलाय."

म्हातारा दोन पावलं चालला, थांबला, पण मागे वळला नाही.

"माझ्या पाळीतला घे. पाच ते साडेपाच."

"जुने पाच?" देओलिंदाने विचारलं.

"जुने पाच," आबिलियो म्हणाला, आणि चढण चढायला लागला. देओलिंदाने चर्चच्या भिंतीला टेकवलेलं आपलं फावडं उचललं आणि त्याच्या मागोमाग निघाली.