बंद केलेला प्रश्न

"पुन्हा डबा!" मी पुस्तक टेबलावर आपटलं. "व्हेरिएबल म्हणजे एक डबा! किती वेळा ऐकायचं हे?"

अमेरिकेतल्या डलुथ शहराच्या वाचनालयात एवढ्या मोठ्यानं कोणी बोलत नाही. शेजारचा दाढीवाला हसला... आणि मी त्याच्यावरच घसरले.

"हसू नका! सहा वर्षं प्रोग्रॅमिंग करतेय मी, पायथनमध्ये. आता कंपनीला सगळं रस्टमध्ये हवंय. महिनाअखेर परीक्षा, नापास झाले तर घरी बसा. आणि दुसरी भाषा शिकायला जावं, तर जो तो मला बालवाडीत बसवतो!"

"इंटरनेटवर विचारलंत कुणाला?"

"विचारलं ना! पायथन येणाऱ्यानं रस्ट कुठून शिकावं, इतकंच. तर तिथल्या कुणा 'वॉलआय' टोपणनावाच्यानं प्रश्नच बंद केला — म्हणे, हा आधी विचारला गेलाय! माशाचं नाव लावून मिरवतो मेला, अक्कलही माशाचीच!"

त्याचे कान लाल झाले. मग म्हणाला, त्याचं नाव वेंडेल, बंदराच्या कचेरीत तो रस्टच लिहितो.

"पुस्तक ठेवा. तुमचाच एखादा जुना प्रोग्रॅम आणा, तोच रस्टमध्ये लिहू."

मग रोज संध्याकाळी कोपऱ्यावरचं कॅफे, गरम सूप आणि काचेवर बर्फाळ पाऊस. 'अहो-जाहो' कधी गळालं, कळलंही नाही.

"सिग्ने... लिहितेस रस्ट, पण हेल पायथनचाच."

"मग? नाही आवडत?"

"आवडतो... तीच तर पंचाईत आहे."

त्याची नजर माझ्यावर यायची आणि घाईनं स्क्रीनकडे पळायची. मला तो आवडायला लागला होता. खूपच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यानं चमचा खाली ठेवला. "तो वॉलआय... मीच."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे ही दयेची शिकवणी होती?"

"पहिल्या दिवशी लाज वाटली म्हणून. पुढं..."

"प्रश्न वाचला तरी होतास?"

"...नाही. फक्त शीर्षक."

मी सूप तसंच टाकून निघाले. माझी नोकरी पणाला लागलेली, आणि या गृहस्थाला चार ओळी वाचायला वेळ नव्हता!

दुसऱ्या दिवशी परीक्षा देऊन, लगेच मिळालेला निकाल घेऊन बाहेर आले, तर तो दारात. नखशिखांत भिजलेला.

"प्रश्न उघडलाय. उत्तरही लिहिलंय. पण त्यासाठी नाही आलो. सिग्ने, माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"आधी पास झाले का ते तरी विचार!"

"नापास झाली असतीस तरी हेच सांगणार होतो."

"झालेय पास!" मी ओरडलेच. राग तसाच होता, पण त्याचा गार हात मी हातात घेतला होता.

"आता मी बोलणार," मी म्हटलं. "आणि या खेपेला शेवटपर्यंत ऐकायचं. माझंही तुझ्यावर..."

तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.